पुडीवर नाव काय?

मैत्रिणींनो, आज आधी एक कबुली देते आणि मग मुद्द्याकडे येते. दोन वर्षांपूर्वी मी एका डॉक्टरांशी धडधडीत खोटं बोलले. तेही सासूबाई समोर स्ट्रेचरवर पडलेल्या असताना.

आमच्या सासूबाईंना सगळी गल्ली आक्का म्हणते, मीही तेच म्हणते. तेव्हा त्यांचं वय ७३. साखर आणि बीपी, दोन्हीच्या गोळ्या चालू. पण आक्कांचं खरं दुखणं म्हणजे गुडघे. सकाळी उठून संडासला जायचं म्हटलं तरी भिंत धरून पाच मिनिटं उभ्या राहायच्या. जिल्ह्याच्या गावी नेऊन दाखवलं. दोन तास नंबर लावून बसलो आणि आत गेल्यावर दोन मिनिटांत बाहेर. एक्सरे उजेडाला धरून सांगितलं, "झीज झालीय. वय झालं आता. ऑपरेशनचं बघा, तोवर या गोळ्या घ्या." परतीच्या एसटीत आक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्यानं फोटो बघितला गं माझा. माझ्याकडं काही बघितलं नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

श्रावणात सोमवारच्या बाजारात एक माणूस ताडपत्री टाकून बसायला लागला. समोर मुळ्या, साली, बरण्या, मागे सांगाड्याचं चित्र. आक्का भाजी घ्यायला गेल्या आणि त्याच्यापाशी अर्धा तास बसल्या. त्यानं गुडघा हातानं दाबून बघितला. कधीपासून दुखतं, कुठल्या अंगाला जास्त, बाळंतपणं किती झाली, झोप लागते का, सगळं विचारलं. मग पांढऱ्या कागदाच्या ६० पुड्या दिल्या. महिन्याचे ६०० रुपये. "शंभर टक्के जडीबुटी, मावशी. साइड इफेक्ट शून्य."

चौथ्या दिवशी आक्का भिंत न धरता उठल्या. खोटं सांगत नाही, मी स्वतः बघितलं. आठव्या दिवशी ओट्यापाशी उभं राहून त्यांनी भाकऱ्या थापल्या. नवरात्रात देवीच्या डोंगराच्या पायऱ्या चढून गेल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा! भूक वाढली, गाल वर आले. बायका म्हणायच्या, "आक्का, तब्येत काय झाक झालीय हो!" गल्लीतल्या तिघींनी त्या माणसाचा नंबर घेतला. मीसुद्धा माझ्या आईसाठी एका महिन्याच्या पुड्या घेऊन माहेरी पाठवल्या. आईनं त्या डब्यात ठेवल्या आणि नेहमीप्रमाणे विसरून गेली. तिच्या विसराळूपणाचे मी आजवर इतके उपकार कधी मानले नव्हते.

घरात मात्र ही गोष्ट फक्त आम्हा दोघींत होती. ह्यांना असल्या औषधांचा संताप येतो, म्हणून आक्कांनी मला शपथ घातलेली. पैसे माझ्या भिशीतून जायचे.

दिवाळीच्या सुमारास हातांवर जांभळे डाग दिसायला लागले, नुसता कडीचा धक्का लागला तरी. साखर ३१० वर गेली. आम्ही फराळाला दोष दिला. डॉक्टरांनी साखरेची गोळी वाढवली, कारण आम्ही त्यांना दुसरं काही सांगितलंच नव्हतं. मग दिवाळीनंतर तो बाजारात यायचाच बंद झाला. फोन बंद. पुड्या संपल्या. पाच-सहा दिवसांत आक्कांचे गुडघे पहिल्यापेक्षा जास्त धरले, अन्न जाईना, उलट्या सुरू झाल्या. एका सकाळी हाक मारली तर नुसतं "हं" करून डोळे मिटून घेतले. दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी ८०/५०.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठली पुडी, काढा, झाडपाल्याचं औषध चालू होतं का?"

शेजारी हे उभे होते. मी म्हटलं, "नाही."

दीड तासानं मी त्या डॉक्टरांना जिन्यात गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. ते ओरडले नाहीत. "हे आल्या आल्या कळायला हवं होतं," एवढंच म्हणाले आणि वर धावले. रक्त तपासायला काढून घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आक्का उठून बसल्या आणि चहा मागितला.

ती पुडी तपासायला पाठवता आली नाही, एकही उरली नव्हती. पण रक्तातलं कॉर्टिसॉल जवळजवळ नाहीसं झालं होतं. भरलेला चेहरा, हातावरचे डाग, चढलेली साखर आणि पुडी बंद होताच आलेली ही अवस्था, हे सगळं जुळवून डॉक्टरांनी सांगितलं की या पुडीत स्टेरॉइड असणार. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. शरीराला रोज लागणारं हे द्रव्य त्या तयार करतात. बाहेरून रोज भरपूर मिळायला लागलं की त्या झोपी जातात. मग बाहेरचा पुरवठा एकदम तुटला की शरीराकडे काहीच उरत नाही, आणि माणूस आक्कांसारखा कोसळतो. म्हणून नंतर तेच औषध मोजून देऊन, हळूहळू कमी करत काही महिन्यांनी बंद केलं. तेव्हा ज्यांच्या घरात अशी अनोळखी पुडी महिनोन् महिने चालू असेल, त्यांनी हे वाचून ती आज तडकाफडकी बंद करू नये. पुडी हातात घेऊन आधी डॉक्टरांकडे जावं.

स्टेरॉइड म्हणजे काही राक्षस नव्हे. दम्यात, संधिवाताच्या काही प्रकारांत तेच जीव वाचवतं. फरक इतकाच की डॉक्टर ते नाव सांगून, मोजून आणि किती दिवस ते ठरवून देतात. आक्कांनी ते चार महिने घेतलं, नाव माहीत नसताना, मात्रा माहीत नसताना, अंगात साखर असताना.

आता काही जणी म्हणतील, या बाई आयुर्वेदाच्या विरोधात दिसतात. अहो, माझ्या स्वयंपाकघरात येऊन बघा! सुंठ, ओवा, हिंग, जायफळ, ज्येष्ठमध, त्रिफळा, सगळं आहे. थंडीत मेथीचे आणि डिंकाचे लाडू होतात. परसात गुळवेल, अडुळसा आणि कोरफड आहे. म्हातारपणाचा विचार तर आयुर्वेदानं इतका केलाय की त्याच्या आठ अंगांपैकी एक अख्खं अंग त्यासाठी आहे. चरकसंहितेत चिकित्सास्थानाची सुरुवातच रसायनाच्या अध्यायानं होते. च्यवनप्राश तिथलाच. पण तिथे नुसता डबा उघडून चमचा तोंडात घालायला सांगितलेलं नाही. आधी शरीरशुद्धी, मग आहार, झोप, दिनचर्या, रागावर ताबा, खरं बोलणं हेसुद्धा रसायनात धरलंय. आणि रसायन घ्यावं ते तरुणपणी किंवा मधल्या वयात, असं जुने ग्रंथ सांगतात. म्हणजे खरं तर ते आक्कांसाठी नव्हे, तुमच्या-माझ्यासाठी, चाळिशी-पंचेचाळिशीसाठी. आपण मात्र पंच्याहत्तरीच्या माणसापुढे डबा ठेवतो आणि मोकळे होतो. त्यातही च्यवनप्राशात साखर भरपूर असते, हे मधुमेह असलेल्या घरात कुणी वाचतच नाही.

माझं भांडण आहे ते त्या एका वाक्याशी: "झाडपाल्याचं आहे, साइड इफेक्ट नाही." यात झाडपाल्याचा मान नाही, उलट अपमान आहे. ज्याचा शरीरावर काही परिणाम होतो, त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो. आणि ज्याचा दुष्परिणाम कधीच, कुणालाच, कितीही घेतलं तरी होत नाही, ते औषध तरी कशाला म्हणायचं?

सर्पगंधेचंच बघा. ही आपल्या देशातली जुनी वनस्पती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा अभ्यास करून १९४९ मध्ये इंग्लंडच्या वैद्यकीय मासिकात लिहिलं आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये एका स्विस कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं. रक्तदाबावरची ती सुरुवातीची परिणामकारक गोळी ठरली, आणि डॉ. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. केवढी अभिमानाची गोष्ट! पण पुढे लक्षात आलं की ती घेणाऱ्या काही जणांना खोल उदासीनता येते. मात्रा जपावी लागली, नंतर दुसरी औषधं आली. झाड तेच, गुणही त्यातच आणि धोकाही त्यातच.

दारातली सदाफुली घ्या. आपल्याकडे सकाळी तिची फुलं चावून खाल्ली की साखर उतरते, असं छातीठोकपणे सांगतात. आमच्या भजनी मंडळात दोघी खातात. तिकडे जमैका बेटावरही मधुमेहाला सदाफुलीच्या पानांचा चहा घ्यायचे. ते ऐकून कॅनडातल्या नोबल आणि बीअर या शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात उंदरांना तिचा अर्क टोचून बघितला. साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. त्यातूनच कॅन्सरवरचं व्हिनब्लास्टिन सापडलं, आणि पुढे त्याच झाडातून व्हिनक्रिस्टिनही मिळालं. ही इंजेक्शनं आजही वापरतात. म्हणजे आपण ज्याला निरुपद्रवी फूल समजून चघळतो, त्या झाडातून केमोथेरपीचं औषध निघतं. भजनी मंडळात मी हे सांगितलं तेव्हा एकीनं फुलं बंद केली. दुसरी म्हणाली, "माझी सासू खायची, तिला काही झालं नाही." या युक्तिवादापुढे आपण काय बोलणार?

गुळवेलीचं तर अगदी अलीकडचं. २०२० मध्ये कोरोनात घरोघरी काढे उकळले. आमच्याकडे दोन वेळा व्हायचा. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी असे ६ रुग्ण नोंदवले, ज्यांच्या यकृताला गुळवेल घेतल्यानंतर इजा झाली होती. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरंच गुळवेल होती का, हे तपासलेलं नाही. आक्षेप चुकीचा नव्हता, कारण गुळवेलीसारखी दिसणारी तिच्याच कुळातली वेगळी वेल असते. पुढे २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधून ४३ रुग्णांचा अभ्यास आला आणि त्यातही गुळवेलीकडेच बोट होतं. आता हजारो-लाखो लोकांनी काढा घेतला, त्यातल्या बहुतेकांना काही झालं नाही, हेही तितकंच खरं. म्हणून घाबरून परसातली वेल उपटायची गरज नाही. पण ज्यांना थायरॉइडचा किंवा सांध्यांचा असा आजार आहे की ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, त्यांनी प्रतिकारशक्ती वाढवायचे काढे महिनोन् महिने पिताना विचारायला नको का? असे आजार बायकांतच जास्त असतात.

म्हातारपणी तर हे आणखी जपायला हवं, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पोटात एकाच वेळी पाच-सहा गोळ्या असतात. त्यात आपण प्रेमानं काय काय घालतो! साखरेच्या गोळीवर कारल्याचा रस आणि मेथीचं पाणी दिलं, आणि वर उपास घडला, तर साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते. म्हातारं माणूस पडलं की खुब्याचं हाड मोडतं, आणि मग आपण म्हणतो, न्हाणीत पाय घसरला. खोकल्यासाठी चार दिवस ज्येष्ठमध चघळलं तर ठीक, पण आठवडेच्या आठवडे भरपूर घेतलं तर त्यानं बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर लसणाच्या, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच. फोडणीतली हळद आणि लसूण बिनधास्त घाला, प्रश्न कॅप्सूलचा आहे. थायरॉइडच्या गोळीवर असणाऱ्यांनी अश्वगंधा परस्पर सुरू करू नये. इसबगोलसारखी साधी गोष्टसुद्धा पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवायची. आसवं-अरिष्टं आंबवूनच तयार होतात, त्यामुळे त्यांत थोडा मद्यार्क असतो, हे एकादशी करणाऱ्या आमच्या आत्याबाईंना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! त्यांचं जाऊ दे, पण ज्यांचं यकृत आधीच नाजूक आहे त्यांनी तरी हे लक्षात ठेवावं. आणि बिब्बा. गुडघ्यावर बिब्ब्याचा चटका देणारे अजून आहेत. बिब्बा उतून सगळा पाय फोडांनी भरलेला मी बघितलाय. औषधांच्या नियमांत विषारी द्रव्यांची जी यादी आहे, तिच्यात बिब्बा आहे. वैद्य तो शुद्ध करून वापरतात, ते उगीच नाही.

विसरण्याचंही असंच. अमेरिकेत असलेल्या भाच्यानं आमच्या एका नातेवाइकांना गिंको नावाच्या झाडाच्या गोळ्या आणून दिल्या, स्मरणशक्तीसाठी. तिथेच ३,०६९ वृद्धांवर मोठा अभ्यास झाला. २००८ मध्ये निष्कर्ष आला की या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश टळत नाही. ब्राह्मीबद्दल आशा वाटावी असे काही छोटे अभ्यास आहेत, पण मुळात बाजारात ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्याच वनस्पती विकल्या जातात. त्यात सगळ्यात मोठं नुकसान वेळेचं होतं. बी-१२ कमी झालं किंवा थायरॉइड बिघडला तरी माणूस विसरायला लागतं, आणि ते रक्त तपासून कळतं, औषधानं सुधारतं. इथे आपण सहा महिने ब्राह्मीचं तेल थापत बसतो.

मग करायचं काय? माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. ज्याच्यावर नाव नाही, ते पोटात घालायचं नाही. देणारा कितीही गोड बोलो, कितीही जणींना गुण आलेला असो. कायद्यानं परवाना घेऊन विकलेल्या आयुर्वेदिक औषधावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना नंबर, बॅच नंबर, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, आणि आत काय काय आहे हे लिहिलेलं असावं लागतं. वैद्याला विचारायचं, नोंदणी नंबर काय? खरा वैद्य रागावत नाही. उलट असल्या पुड्यांमुळे खरे वैद्यच बदनाम होतात, त्यांनाच याचा जास्त राग आहे. पूर्वी दारात येणारे वैदूसुद्धा मूळ हातात घेऊन दाखवायचे, झाडाचं नाव सांगायचे. या पांढऱ्या भुकटीत काय कालवलंय ते कुणालाच दिसत नाही.

लेबल असलं म्हणजे सगळं झालं असंही नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या परिसरातल्या दुकानांतून आपल्याकडच्या बनावटीची ७० औषधं घेऊन तपासली. त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. म्हणून भस्मांची आणि धातूंची औषधं तर वैद्याच्या देखरेखीशिवाय नकोतच. आणखी एक. मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू, संधिवात हे हमखास बरं करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी भिंतींवर, एसटी स्टँडवर, केबलवर त्या असतातच. पेपरांतही छापून येतात, हे या पानावर लिहिताना कबूल करायलाच हवं.

आणि दुकानातून "गुडघेदुखीची गोळी द्या हो" म्हणून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या? त्या पुडीच्याच बहिणी. आक्का पुडीच्या आधी दोन वर्षं तसल्या गोळ्या खात होत्या. त्यांनी पोट जळतं आणि मूत्रपिंडावरही ताण येतो. तेव्हा हे इंग्रजी विरुद्ध देशी असं भांडण नाहीच.

आता आक्कांच्या त्या वाक्याकडे येते. त्यानं फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं नाही. बाजारातला तो माणूस फसवणारा होता, पण त्यानं अर्धा तास ऐकून घेतलं होतं. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांचं दुखणं कुणी ऐकूनच घेत नाही. दवाखान्यात "वय झालं", घरात "तुमचं रोजचंच आहे". मी स्वतः असं किती वेळा म्हटलंय, मोजलेलं नाही. जन्मभर सगळ्यांच्या औषधपाण्याचं बघणारी बाई स्वतःच्या औषधासाठी पोराकडे पैसे मागायला लाजते. मग ती सुनेला शपथ घालते आणि सून भिशीतून पुडी आणते. लपवाछपवी तिथून सुरू होते. आणि सुनेची तर दोन्हीकडून पंचाईत असते. पुडी आणून दिली नाही तर "हिला माझं बरं झालेलं बघवत नाही", आणि दिल्यावर काही झालं तर "हिनंच आणून दिलं होतं". मलाही ते ऐकावं लागलं. नणंदेनं फोनवर ऐकवलं. आक्कांनीच मधे फोन घेतला आणि म्हणाल्या, "मीच मागितली होती, तिला बोलू नको."

आता घरात एक वही आहे. आक्कांच्या सगळ्या गोळ्या, लेप, काढे, चूर्णं, सगळं तिच्यात लिहिलेलं असतं आणि कुठल्याही डॉक्टरांकडे किंवा वैद्यांकडे जाताना ती पिशवीत असते. ह्यांनाही ती वाचायला खुली आहे. गुडघ्यांसाठी गावातल्या वैद्यबाई आहेत. त्यांनी निर्गुडीच्या पाल्याचा शेक आणि तेल लावायला सांगितलंय, रात्री थोडं त्रिफळा. फिजिओथेरपीवाल्यांनी शिकवलेला व्यायाम आक्का सिरीयल बघताना करतात. खुर्चीत बसून एकेक पाय समोर सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली घ्यायचा. साध्या संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची आणली. इतकी साधी गोष्ट सहा वर्षं सुचली नव्हती! फार दुखलं तर डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी, तीही वहीत लिहून. आक्का काही डोंगर चढत नाहीत. दुखतंच, पण पूर्वीपेक्षा कमी. कधी कधी त्या म्हणतात, "ती पुडी होती तेव्हा चार महिने बरे गेले बघ." मी काही बोलत नाही. ते महिने त्यांना खरंच बरे गेले होते, हे मी नाकारू शकत नाही.

परवा माझ्या मावशीचा फोन आला. त्यांच्या गावात कुणीतरी नवीन माणूस आलाय, कंबरेला जादूसारखा गुण येतो म्हणे, पंधरा दिवसांची पुडी घेतलीय. मी म्हटलं, मावशी, चष्मा लाव आणि पुडीवर काय लिहिलंय ते जरा वाचून दाखव. पलीकडे बराच वेळ कागदाचा आवाज येत राहिला. मग मावशी म्हणाली, "सकाळ-संध्याकाळ, एवढंच आहे गं."